कातड्याचा पोशाख, काट्यांचा मुलूख

बैल जाळीत शिरला की मुरलेला घोडा थांबत नाही. स्वाराने लगाम खेचायचं मनात आणेपर्यंत तो बैलाच्या शेपटीमागे काट्यांत घुसलेला असतो. मग स्वाराच्या हातात एवढंच उरतं, की स्वतःला होईल तेवढं लहान करायचं. तो घोड्याच्या मानेवर पालथा पडतो, पुढची फांदी खाली आली तर एका कुशीला लोंबतो, लगेच पुन्हा खोगिरावर येतो. डावं कोपर डोळ्यांपुढे, उजव्या हातात दोराचा फास. डोळे मिटून मात्र चालत नाही. जो डोळे मिटतो तो पुढची जाड फांदी छातीवर घेतो. सुक्या काटक्या मोडल्याचा कडकडाट बाहेर उभ्या असलेल्या सोबत्यांना लांबून ऐकू येतो आणि पाठलाग कुठल्या अंगाला चाललाय ते त्यांना त्यावरूनच समजतं.

ही जागा आहे टेक्सास राज्याच्या दक्षिण टोकाला, न्यूसेस आणि रिओ ग्रांदे या दोन नद्यांच्या मधली. स्पॅनिश बोलणारे लोक तिला ‘ब्रसादा’ म्हणतात किंवा नुसतंच ‘मोन्ते’. इंग्रजीत ती ‘ब्रश कंट्री’, आणि तिथे काम करणारा स्वार ‘ब्रश हँड’ किंवा ‘ब्रश पॉपर’.

काउबॉय म्हटला की जगभरच्या माणसांच्या नजरेसमोर उघडा माळ येतो. कमरेपर्यंत गवत, क्षितिजापर्यंत आभाळ आणि वाऱ्यावर फडफडणारे कातडी पंख लावलेला स्वार. ते चित्र उत्तरेकडच्या मैदानांचं आहे. तिथे पायांवरच्या कातड्याचा उपयोग थंडी, पाऊस, दोराचं घर्षण आणि तारेचं कुंपण यांच्यापुरता. मोंटाना-वायोमिंगच्या हिवाळ्यात तर लोकर न काढलेल्या कातड्याचे केसाळ पायघोळ वापरायचे. पण हा सगळा पोशाख मुळात घडला तो दक्षिणेच्या काट्यांत. तिथे तो नसेल तर कामच होत नाही.

या रानातला प्रत्येक काटा वेगळ्या तऱ्हेने बोचतो, आणि पोशाखातली प्रत्येक वस्तू कुठल्या तरी एका तऱ्हेच्या काट्याला दिलेलं उत्तर आहे. मेस्किट हे इथलं मुख्य झाड. त्याचे काटे सरळ, टणक, बोटाच्या दोन पेरांएवढे वाढणारे. वेगात जाणाऱ्या गुडघ्यात शिरले तर हाडाला भिडतात. कॅटक्लॉचे काटे आखूड पण मांजराच्या नखीसारखे वळलेले. ते टोचून थांबत नाहीत, पकडून ठेवतात. कापड, कातडी, घोड्याची आयाळ, जे हाती लागेल ते. ग्रांहेनोचे काटे जोडीने येतात. हुन्को नावाच्या झुडपाला पानं जवळजवळ नसतातच, तिथे प्रत्येक हिरवी काडीच टोकाला काटा होऊन संपते. जमिनीलगत फड्या निवडुंगाची बेटं, आणि त्यांच्या आधाराने वाढणारं तासाहियो. हे बोटाएवढ्या जाड कांड्यांचं निवडुंग. नुसता स्पर्श झाला की त्याचं कांडं तुटून अंगाला चिकटतं आणि पुढच्या हालचालीसरशी आणखी आत जातं. निवडुंगाच्या फडावर मोठ्या काट्यांच्या बुडाशी बारीक कुसळांचे झुबकेही असतात. मोठा काटा दिसतो, काढता येतो. कुसळं दिसत नाहीत, आठवडाभर सलत राहतात.

काट्याचा नायटा होतो हे मराठी माणसाला सांगायला नको. डॉक्टरांच्या भाषेत याला ‘प्लांट थॉर्न सायनोव्हायटिस’ असं नाव आहे. काट्याचं टोक सांध्याच्या पिशवीत मोडून राहतं, वरची जखम बरी होते आणि काही दिवसांनी किंवा महिन्यांनी गुडघा किंवा बोटाचं पेर सुजून येतं. लाकडी काटा क्ष-किरणांच्या चित्रात सहसा दिसत नाही, त्यामुळे कारण सापडायला वेळ लागतो, आणि पुष्कळदा शस्त्रक्रियेने टोक काढल्याशिवाय सूज उतरत नाही. प्रतिजैविकं नसलेल्या काळात, डॉक्टरपासून दोन-तीन दिवसांच्या वाटेवर, असा एक काटा गुराख्याचा पाय कायमचा आखडून ठेवू शकत होता. घोड्याचंही तेच. या रानातल्या घोड्यांच्या पुढच्या गुडघ्यांवर काट्यांच्या गाठी असायच्याच. फड्या निवडुंगाचा फड भाजून, चिरून, त्याचा गर त्या सुजेवर बांधायचा हा तिथला जुना उपाय होता.

म्हणून आधी पाय. पायांवरच्या या कातडी पोशाखाला टेक्सासात ‘चॅप्स’ म्हणण्यापेक्षा ‘लेगिन्स’ म्हणायची रीत जुनी आहे. ब्रश हँडच्या लेगिन्स कमरेपासून बुटाच्या वरपर्यंत येणाऱ्या दोन बंद नळ्या असतात. बंदुकीच्या जोडनळीवरून त्यांना ‘शॉटगन’ हे नाव पडलं. दोन्ही नळ्या कमरेला पट्ट्याने धरलेल्या, मागची बाजू आणि जांघ उघडी, कारण तिथे खोगीर असतं आणि कातड्याची घडी पडली तर दिवसभरात मांडी सोलून निघते. पंखांसारख्या रुंद कडांच्या ‘बॅटविंग’ लेगिन्स घालायला सोप्या, वारा खेळता ठेवणाऱ्या, दिसायलाही झोकदार. पण रुंद कड म्हणजे काट्याला दिलेलं आमंत्रण. दाट जाळीत काम करणारा माणूस फडफडणारं काहीही अंगावर ठेवत नाही. झालरी, लोंबणारे गोंडे, मोठे खिसे ही मिरवणुकीतली शोभा आहे.

लेगिन्सच्या पुढच्या बाजूची बांधणी जवळून पाहावी. मागे आणि बाजूला कातडं जाड, शिवण दुहेरी, बक्कल भक्कम. पण बेंबीखाली जिथे दोन्ही भाग जुळतात तिथे फक्त एक बारीक वादी असते. कारागिराला जाड पट्टा लावता आला नसता असं नाही. वादी मुद्दाम कच्ची ठेवलेली असते. घोडा उधळला, स्वार पुढे फेकला गेला आणि पट्टा खोगिराच्या शिंगात, म्हणजे पुढच्या उंच खुंटीत, अडकला, तर ती वादी तुटली पाहिजे. ती तुटली नाही तर माणूस उधळलेल्या घोड्याला लटकून राहील. एखाद्याचा जीव कशा तऱ्हेने जाऊ शकतो हे पाहिलेल्या माणसांनीच ही वादी बारीक केली असणार. पोशाखाचा सगळा इतिहास अशा छोट्या निर्णयांत साठलेला असतो, आणि तो लिहून ठेवणारं सहसा कुणी नसतं.

कातडंच का, याचं उत्तर त्याच्या बांधणीत आहे. विणलेल्या कापडात उभे-आडवे धागे असतात, त्यांच्यामध्ये फट असते. वळलेला काटा त्या फटीत शिरतो आणि धागा ओढतो. कापड फाटतं किंवा माणूस अडकतो. कमावलेल्या कातड्यात तंतू सगळ्या दिशांनी एकमेकांत गुंतलेले असतात, त्याला फट नसते. घोडा वेगात असतो तेव्हा बहुतेक काटे तिरपे लागतात आणि कातड्यावरून ओरखडा काढून घसरतात. एखादा काटा सरळ काटकोनात आलाच तर तोही आत येईपर्यंत त्याचा जोर मोडलेला असतो. दिवसाच्या शेवटी अशा लेगिन्सवर शेकडो पांढरे ओरखडे दिसतात. काही कारागीर कातड्याची खडबडीत बाजू मुद्दाम बाहेर ठेवतात, तिच्यावर ओरखडे उठून दिसत नाहीत आणि खोगिरावर पकडही चांगली बसते.

याची किंमत उन्हात मोजावी लागते. दक्षिण टेक्सासचा उन्हाळा ३८ अंशांच्या वर सहज जातो, जाळीच्या आत वारा नसतो, आणि लेगिन्सचं ओझं दोन ते चार किलोंचं. तरीही कुणी त्या काढून ठेवत नाही.

कमरेच्या वर मात्र कातडं फार वेळ सोसवत नाही, आणि हात मोकळे लागतात. म्हणून तिथे जाड, घट्ट विणीच्या कॅनव्हासचं किंवा डेनिमचं आखूड जाकीट. गळ्यापर्यंत बटणं, मनगटाला घट्ट, कमरेला संपणारं. हातात मनगटाच्याही वर येणारे कातडी हातमोजे. टोपी हवीच, पण हनुवटीखाली दोरी बांधून. न बांधलेली टोपी पहिल्याच फांदीवर राहते, आणि ती घ्यायला परत फिरणाऱ्याचा बैल गेलेला असतो. गळ्यातला रुमाल धुळीसाठी असतो तसा गाल वाचवण्यासाठीही.

मग रिकीब. तिच्या पुढच्या बाजूला कातड्याचं टोपण असतं, त्याला ‘तापादेरा’ म्हणतात. काटा बुटात शिरू नये हा एक हेतू. दुसरा अधिक महत्त्वाचा. मोडक्या फांदीचं टोक रिकिबीत घुसलं तर पाय आणि फांदी एकत्र अडकतात, आणि घोडा पुढे जातच असतो. टोपणामुळे फांदी बाहेरच्या बाहेर घसरते. शोभेच्या खोगिरांवर ही टोपणं गिधाडाच्या चोचीसारखी लांब, नक्षीदार असतात. जाळीतल्या खोगिरावर ती आखूड आणि साधी.

दोरसुद्धा जाळीने आखूड केला. उघड्या माळावर स्वार डोक्यावर फास गरगरवून लांब फेकतो. इथे गरगरवायला जागाच नाही. एखादी मोकळी जागा समोर आली, बैल क्षणभर दिसला, तेवढ्यात लहानसा फास खालच्या अंगाने टाकायचा. दोराचं दुसरं टोक खोगिराच्या शिंगाला आधीच पक्कं बांधलेलं, कारण फास बसल्यावर दोर गुंडाळायला सवड मिळणार नसते.

हे ज्ञान ज्यांचं, त्यांना ‘वाकेरो’ म्हणत, म्हणजे मेक्सिकन गुराखी. स्पेनमधून आलेल्या गुरांबरोबर घोड्यावरून गुरं राखण्याची पद्धत १६व्या शतकात मेक्सिकोत आली आणि स्थानिक, मिश्रवंशी, आफ्रिकी वंशाच्या माणसांच्या हातांत ती वाढली. १७४८पासून होसे दे एस्कांदोन या अधिकाऱ्याने रिओ ग्रांदेच्या आसपास वसाहती उभारल्या. कामार्गो, रेनोसा, पुढे १७५५मध्ये लारेडो. त्या वसाहतींची गुरं नदी ओलांडून उत्तरेच्या रानात पसरली. तिथे पायांवर टाकायला आधी ‘आर्मास’ होते. खोगिराच्या शिंगापासून दोन्ही बाजूंना सोडलेल्या कातड्याच्या दोन मोठ्या पट्ट्या, स्वाराचे पाय आणि घोड्याची छाती एकदम झाकणाऱ्या. पुढे तेच कातडं खोगीर सोडून माणसाच्या कमरेला आलं, पायांभोवती वळलं, आणि ‘चापारेरास’ झालं. इंग्रजी बोलणाऱ्यांनी पोशाख घेतला आणि नावाचा फक्त पुढचा तुकडा ठेवला.

अमेरिका आणि मेक्सिको यांच्यातल्या १८४८च्या तहानंतर हा पट्टा अमेरिकेचा झाला. पुढच्या काही दशकांत अनेक मेक्सिकन कुटुंबांच्या जमिनी कोर्टकचेऱ्या, कर्जं आणि दांडगाई यांत गेल्या. माणसं मात्र त्याच रानात राहिली, आता दुसऱ्याच्या नोकरीत. न्यूयॉर्कमध्ये आयरिश आईबापांच्या पोटी जन्मलेल्या रिचर्ड किंग या आगबोटीच्या कप्तानाने १८५३मध्ये इथे जमीन घेतली. १८५४मध्ये मेक्सिकोतल्या तामाउलिपास प्रांतातलं क्रुइयास हे गाव दुष्काळाने हवालदिल झालं होतं. किंगने तिथली गुरं विकत घेतली आणि मग गावकऱ्यांनाच आपल्याबरोबर येण्याचं आमंत्रण दिलं. शंभरावर माणसं, बायकामुलं, चीजवस्तू घेऊन चालत त्याच्या रँचवर आली. ती ‘किनेन्यो’ झाली, किंगची माणसं. आज किंग रँच सुमारे ८,२५,००० एकरांवर पसरलेली आहे, आणि किनेन्यो कुटुंबांच्या पिढ्यानुपिढ्या तिथे नांदल्या आहेत.

अशाच एका कुटुंबात, रँचवरच्या फोरमनच्या घरी, लाउरो कावासोस यांचा १९२७मध्ये जन्म झाला. ते १९८८मध्ये अमेरिकेचे शिक्षणमंत्री झाले, केंद्रीय मंत्रिमंडळातले पहिले हिस्पॅनिक सदस्य. त्यांचे भाऊ रिचर्ड कावासोस हे अमेरिकी लष्करातले पहिले हिस्पॅनिक चार-तारांकित जनरल. या दोघांच्या वडिलांचं आयुष्य याच काट्यांत, गुरांमागे गेलं होतं.

या रानाला वाङ्मयात आणलं ते जे. फ्रँक डोबी यांनी. १८८८मध्ये लाइव्ह ओक काउंटीतल्या एका रँचवर ते जन्मले, म्हणजे जाळीच्या तोंडाशीच. जॉन यंग नावाच्या जुन्या गुराख्याच्या आठवणींच्या आधारे त्यांनी १९२९मध्ये ‘अ वाकेरो ऑफ द ब्रश कंट्री’ लिहिलं, १९४१मध्ये ‘द लाँगहॉर्न्स’. पुस्तकाच्या नावातच त्यांनी वाकेरो ठेवला, हे मोलाचं आहे. पण ज्यांनी ही विद्या घडवली त्या मेक्सिकन स्वारांनी स्वतः लिहिलेलं किंवा सांगून लिहवून घेतलेलं त्या मानाने फारच थोडं छापलं गेलं. लांबशिंगी बैलांची नावं आणि वर्णनं सापडतात. ते बैल धरणाऱ्या कित्येकांचं नावही सापडत नाही.

ते बैल धरणं फायद्याचं ठरलं १८६५नंतर. यादवी युद्धात टेक्सासचे पुरुष लढायला गेले, गुरांना डाग देणारं कुणी उरलं नाही आणि ती रानटी होऊन जाळीत वाढली. युद्धानंतर टेक्सासात चार डॉलरला मिळणारा बैल उत्तरेच्या बाजारात चाळीस डॉलरला जात असल्याचं सांगितलं जाई. १८६७मध्ये कॅन्सस राज्यातल्या अ‍ॅबिलीनला रेल्वेचा बाजार उघडला. मग जो तो जाळीत शिरला. रानटी गुरं दिवसा बाहेर येत नसत, चांदण्या रात्री मोकळ्यावर चरायला येत. तेव्हा माणसाळलेल्या गुरांचा छोटा कळप पुढे ठेवून त्यांना त्यात मिसळून घ्यायचं. हट्टी बैल असेल तर त्याला एखाद्या शांत, जुन्या बैलाच्या गळ्याला गळा बांधून सोडून द्यायचं. जुना बैल चार-पाच दिवसांनी आपल्या ओढीने घरी येई, सोबत त्या रानट्याला घेऊन.

आता यातली एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. हे काटे इतके दाट कुठून आले?

जुन्या प्रवाशांनी या मुलखाची वर्णनं केली आहेत त्यांत गवताची मोठमोठी मैदानं आहेत, मध्ये मध्ये मेस्किटच्या राया. जाळी होतीच, पण ओढ्याकाठी आणि पट्ट्यापट्ट्यांत. विजेने आणि तिथल्या आदिवासींनी लावलेल्या वणव्यांत गवत जळे, पावसात पुन्हा उगवे, आणि कोवळी झुडपं मात्र मरत. मग गुरं वाढली. त्यांनी गवत खाल्लं, त्यामुळे वणव्याला जळायला काही उरलं नाही. आणि त्यांनी मेस्किटच्या शेंगाही खाल्ल्या. त्या शेंगा गोड असतात, गुरं आवडीने खातात, पण आतलं टणक बी पचत नाही. शेणाबरोबर ते मैलभर लांब, खतासकट पेरलं जातं. अ‍ॅलिस गावाजवळच्या ला कोपिता संशोधन क्षेत्रावर स्टीव्ह आर्चर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात याचा पुढचा टप्पा उलगडला. गवतात आधी एकटं मेस्किट उभं राहतं. पक्षी त्याच्यावर बसतात, त्यांच्या विष्ठेतून दुसऱ्या काटेरी झुडपांच्या बिया खाली पडतात, सावलीत रुजतात, आणि काही दशकांत एका झाडाचं बेट होतं. बेटं एकमेकांना भिडली की जाळी तयार.

म्हणजे गुराख्याने ज्या काट्यांपासून पाय वाचवले ते पुष्कळसे त्याच्याच गुरांनी पेरलेले होते. एक पिढी कळप वाढवत होती आणि पुढच्या पिढीच्या लेगिन्स जाड होत होत्या.

या काट्यांचं मूळ मात्र गाईबैलांहून फार जुनं असावं. १९८२मध्ये डॅनियल जान्झेन आणि पॉल मार्टिन यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक कल्पना मांडली. मध्य अमेरिकेतली कित्येक मोठी, गोड फळं हत्तीच्या कुळातल्या आणि तशाच अजस्र प्राण्यांनी खावीत म्हणून उत्क्रांत झाली, आणि ते प्राणी दहा-बारा हजार वर्षांपूर्वी नाहीसे झाले, असा तिचा आशय. तोच विचार पुढे मेस्किटला आणि त्याच्या काट्यांनाही लावला गेला. शेंग खायची, पण फांदी मोडायची नाही, असा झाडाचा त्या प्राण्यांशी व्यवहार. प्राणी गेले, काटे राहिले. मग हजारो वर्षांनी स्पॅनिश गलबतांतून शेंगा खाणारं नवं गिऱ्हाईक उतरलं.

मराठी वाचकाला हे रान पूर्ण परकं वाटू नये. दक्षिण टेक्सासातलं सुगंधी पिवळ्या गोंड्यांचं ‘विसाचे’ म्हणजे आपल्याकडची देवबाभूळ, मूळची अमेरिकेतली. माळरानं व्यापणारी वेडी बाभूळ ही मेस्किटची सख्खी चुलत बहीण, १९व्या शतकाच्या उत्तरार्धात भारतात आणली गेलेली. फड्या निवडुंगही तिकडचंच. बांधाबांधावर ते इतकं माजलं की अखेर १९२६मध्ये त्याच्यावर जगणारा कोचिनीलचा किडा भारतात सोडावा लागला. जाळीतलं ‘लोटबुश’ तर आपल्या बोरीच्याच कुळातलं.

काटे इकडे आले, गुरं तिकडे गेली. टेक्सासची गुरं उष्णतेने आणि गोचिडांनी बेजार होत, म्हणून तिथल्या पशुपालकांनी भारतीय वशिंडाचे बैल मागवले. १९०६मध्ये पिअर्स रँचच्या ए. पी. बॉर्डन यांनी स्वतः भारतात येऊन गुरं निवडून नेली. गीर, कांकरेज, ओंगोल आणि थोड्या प्रमाणात कृष्णा खोऱ्यातली, म्हणजे सांगली-मिरजेकडच्या काळ्या जमिनीत जुंपली जाणारी, अशा रक्तांच्या मिश्रणातून ‘अमेरिकन ब्राह्मन’ ही जात तयार झाली. किंग रँचने तिचा शॉर्टहॉर्नशी संकर करून ‘सांता गेर्त्रुदिस’ जात काढली. १९२०मध्ये जन्मलेला ‘मंकी’ नावाचा वळू तिचा मूळ पुरुष, आणि १९४०मध्ये तिला स्वतंत्र जात म्हणून सरकारी मान्यता मिळाली. त्याच रँचवर १९३०च्या आसपास शिकारीसाठी नीलगाई सोडल्या गेल्या. विदर्भात जिला रोही म्हणतात ती आज दक्षिण टेक्सासच्या जाळीत हजारोंच्या संख्येने आहे.

काट्यांना कातड्याने दिलेलं सगळ्यात पूर्ण उत्तर पाहायचं तर आणखी दक्षिणेला, ब्राझीलच्या ईशान्य भागात जावं लागतं. तिथे ‘काटिंगा’ नावाचं आठ लाख चौरस किलोमीटरहून मोठं कोरडं काटेरी रान आहे. कोरड्या महिन्यांत पानं गळून सगळं पांढुरकं पडतं आणि उरतात त्या फांद्या आणि काटे. जुरेमाची बाभळीसारखी जाळी, मांदाकारूचं झाडाएवढं निवडुंग, जमिनीवर करवती पानांची माकांबिरा, आणि फावेला, जिच्या रोमांनी अंगाची आग होते.

तिथल्या गुराख्याला ‘वाकेरू’ म्हणतात आणि तो डोक्यापासून पायापर्यंत कातड्यात असतो. वर ‘जिबाऊं’ हा कातडी अंगरखा, त्याच्या आत छाती आणि पोट झाकणारं कातड्याचं वेगळं फडकं, पायांना अंगाबरोबर बसणाऱ्या ‘पेरनेरा’, हाताची फक्त पाठ झाकून बोटं मोकळी ठेवणारे हातमोजे, आणि हनुवटीखाली वादीने बांधलेली कातडी टोपी. घोड्याच्याही छातीवर कातडं. पूर्वी हरणाचं कातडं वापरत, आता बकऱ्याचं, मेंढ्याचं, गाईचं. ते आंजिकू झाडाच्या सालीत कमावतात, त्यातून त्याला तांबूस रंग येतो. टेक्सासात छातीवर कापड चालतं, इथे चालत नाही. कारण काटिंगात काटे कमरेपासून डोक्यापर्यंत सारख्याच दाटीने असतात आणि इथला स्वार बैलाला बहुधा फास टाकत नाही. तो बैलाच्या बरोबरीने घोडा नेतो आणि शेपटी धरून, पिळून त्याला पाडतो. त्यासाठी बैल जिथून जाईल तिथूनच त्यालाही जावं लागतं.

एउक्लिदेस दा कुन्या यांनी १९०२च्या ‘ओस सेर्तोंइस’ या ग्रंथात या स्वाराची तुलना चिलखत घातलेल्या मध्ययुगीन योद्ध्याशी केली, आणि इतिहासकार कापिस्त्रानो दे आब्रेऊ यांनी त्या प्रदेशाच्या एका अख्ख्या कालखंडाला कातड्याचं युग म्हटलं. घराचं दार कातड्याचं, झोपायचं अंथरूण कातड्याचं, पाण्याची पखालही कातड्याची. पर्नांबुकू राज्यात १९५४मध्ये रायमुंदो जाको नावाच्या वाकेरूचा रानात खून झाला. तो प्रसिद्ध गायक लुइस गोंझागा यांचा चुलत भाऊ. गोंझागा स्वतः रंगमंचावर कातडी टोपी आणि जिबाऊं घालून गात, एरवी शहरी लोक ज्या पोशाखाला गावंढळ म्हणत तोच. भावाच्या स्मरणार्थ सेरिता गावी त्यांच्या पुढाकाराने ‘वाकेरूंची प्रार्थनासभा’ सुरू झाली. तिला आजही स्वार पूर्ण कातडी पोशाखात, घोड्यावर बसून येतात. २०१३मध्ये ब्राझीलने कायदा करून वाकेरू हा व्यवसाय म्हणून मान्य केला. इतकी शतकं ज्यांच्या पाठीवर त्या प्रदेशाचं पोट चाललं त्यांना कागदावर कामगार व्हायला एकविसावं शतक उजाडावं लागलं.

टेक्सासात विसाव्या शतकाच्या मध्यापासून जाळीवरच हल्ला झाला. दोन ट्रॅक्टरांमध्ये जहाजाच्या नांगराची साखळी बांधून झाडं उपटली गेली, मुळं कापणारे अवाढव्य नांगर आले. १९५०च्या दशकातल्या सात वर्षांच्या दुष्काळात मात्र रँचवाल्यांना तीच जाळी आठवली. तेलाच्या ज्योतीने निवडुंगाचे काटे जाळून ते फड गुरांपुढे टाकले, आणि कित्येक कळप त्यावर तगले. आज रिओ ग्रांदेच्या खालच्या खोऱ्यातलं ९५ टक्क्यांहून अधिक मूळ काटेवन शेतीखाली आणि शहरांखाली गेलं आहे. उरलेल्यात ‘ऑसेलॉट’ ही ठिपक्यांची रानमांजरं जगतात. अमेरिकेत ती शंभराहूनही कमी उरली आहेत आणि त्यांना लपायला नेमकं तेच रान लागतं, ज्यात माणसाला कातड्याशिवाय शिरता येत नाही. तिथले सरकारी वनकर्मचारी आणि स्वयंसेवक आता त्याच काटेरी झुडपांची रोपं पुन्हा लावत आहेत.

गुरं गोळा करायला अनेक रँचवर आता हेलिकॉप्टर असतं. ते कळप उठवतं, उघड्यावर आणतं. पण मेस्किटच्या छत्रीखाली न हलता उभा राहिलेला बैल वरून दिसत नाही, आणि दिसला तरी त्याला तिथून कुणीतरी काढायचा असतो. मग कुत्री आणि घोडे आत जातात.

एका सरकारी खात्याचं काम तर घोड्याशिवाय होतच नाही. गोचिडांमुळे पसरणाऱ्या ‘टेक्सास फीव्हर’ने १९व्या शतकात गुरांचा फडशा पाडला होता. हा रोग गोचीडच पसरवते हे थिओबाल्ड स्मिथ आणि एफ. एल. किलबोर्न यांनी १८९३मध्ये सिद्ध केलं. कीटक-गोचिडांच्या वर्गातला प्राणी सस्तन प्राण्यांत रोग नेतो याचा हा अगदी सुरुवातीचा पुरावा. १९०६मध्ये गोचीड निर्मूलनाची मोहीम सुरू झाली, १९४३पर्यंत देशभरातून ती हटवली गेली, आणि मेक्सिकोच्या सरहद्दीवर डेल रिओपासून समुद्रापर्यंत सुमारे ८०० किलोमीटरचा कायमचा अटकाव-पट्टा राहिला. तिथे कृषी खात्याचे ‘टिक रायडर’ आजही गस्त घालतात. नदी ओलांडून आलेलं भटकं जनावर शोधायचं, धरायचं, अंगावरून हात फिरवून गोचीड तपासायची. हरणं आणि नीलगाई याही आता ती गोचीड वाहतात, म्हणून काम वाढलं आहे. पट्टा सगळा बोरूच्या बनांचा आणि मेस्किट-निवडुंगाच्या जाळीचा, मोटार जिथे दहा पावलंही जात नाही असा. पगार सरकार देतं. घोडा आणि खोगीर मात्र टिक रायडरने स्वतःचं आणायचं असतं, आणि खोगिराला तापादेरा लावायचा की नाही हे तिथे कुणी कुणाला विचारत नाही.